जाळलेलं परत खायचं का?

अवसरी बुद्रुक
५ डिसेंबर

मोहिनीस,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी हे सांगतो की माझा राग गेलेला नाही. मी द्राक्षाच्या शिबिराला नाशिकला गेलेलो असताना तू आप्पांच्या मागे लागून त्यांचा पळाऊ बैल चाकणच्या बाजारात विकायला लावलास. तेव्हा शर्यतींवर बंदी होती, मग दावणीला बसून खाणारा बैल कशाला, हे तुझं म्हणणं. आप्पा त्यानंतर सहा महिन्यांत गेले आणि आपल्या बापाच्या दहाव्याला मी चार माणसांत तुला जे बोललो ते बोललो. तू विकलास, मी बोललो, फिटंफाट. नऊ वर्षं झाली, तुझ्या फोनमध्ये मी अजून ब्लॉक आहे. कागदाला ब्लॉक करता येत नाही म्हणून हे पत्र. हर्षाली ते ओतूरला आणून तुझ्या हातात देईल. फाडायचं असेल तर तुझ्या लेकीच्या समोर फाड, म्हणजे मला निदान कळेल.

दाजींनी, म्हणजे तुझ्या रामनाथरावांनी, मला फोन केला हे तुला आवडलेलं नाही असं कळलं. मग त्यांनी करायचं काय होतं? त्यांना स्वतःला साखर. डॉक्टरांनी त्यांना बघताक्षणी बाजूला केलं. आणि तुझं लिव्हर तर गेलेलं. दारूचा थेंब न शिवलेली बाई तू, तुला हे कसं झालं असं मी डॉक्टरांना भांडल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, कधीकधी शरीर आपल्याच लिव्हरला परकं समजतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. का, ते त्यांनाही सांगता येईना.

काल पुण्याच्या दवाखान्यात माझं रक्त घेतलं. जुळलं. सख्ख्या भावाचं जुळलं यात काय नवल, असं तू म्हणशील. मला नवल वाटलं. नऊ वर्षं एकमेकांशी शब्द नाही आणि आत रक्त आपलं तेच वाहतंय.

मग त्यांनी मला एका गोल यंत्रात आडवं सरकवलं आणि पोटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी पडद्यावर माझं लिव्हर दाखवलं. मोहिनी, माणसाच्या आत एवढं मोठं काहीतरी गपचूप काम करत बसलेलं असतं हे मला सेहेचाळीस वर्षं माहीतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, यातला अर्ध्याहून जास्त भाग कापून बहिणीला बसवायचा, आणि काही महिन्यांत दोन्हीकडचा वाढून जवळजवळ पूर्वीएवढा होतो. मी म्हटलं, घासासारखं? कापला की परत फुटतो तसं? त्यांना जनावरांचा घास काय माहीत. पण हो म्हणाले. मी त्यांना तेच परत परत विचारलं, शेवटी ते हसायला लागले.

पण अडचण आहे. माझ्या लिव्हरमध्ये चरबी आहे. असलं लिव्हर ते घेत नाहीत. कापलेला भाग तुझ्याकडं नीट चालणार नाही आणि उरलेला मला पुरणार नाही. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चरबी उतरवून दाखवा, म्हणाले, त्यापुढं पेशंटला थांबवता येणार नाही. माझं वजन शहाण्णव आहे.

हर्षाली शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मामांचं नाही जमलं तर माझं घ्या." एकोणीस वर्षांची पोर ती. डॉक्टरांनी तिचंही नाव लिहून घेतलं. म्हणजे आता कसं आहे बघ, मी उतरलो नाही तर ती टेबलावर जाणार.

म्हणून उतरतो. तुझ्यासाठी म्हणून नव्हे.

बाळासाहेब


अवसरी
२४ डिसेंबर

मोहिनी,

हर्षालीनं सांगितलं की तू पत्र वाचलंस आणि "मला त्याचं काही नको" म्हणालीस. ठीक आहे. मलाही तुला काही द्यायची हौस आलेली नाही. पण माझं नको म्हणालीस तर पोरीचं घ्यावं लागेल, तेव्हा तोंड वाकडं करून का होईना, माझंच घे.

आता माझी फजिती ऐक. दवाखान्यात अक्षदा म्हणून एक आहारतज्ज्ञ आहे, हर्षालीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं माझं जेवण बांधून दिलं. सकाळी काय, दुपारी भाकरी किती, भात केवढा, गोड आणि तळलेलं बंद. हर्षालीनं माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यात खाल्लेलं लिहायचं आणि आपण किती चाललो ते मोबाईल स्वतः ओळखतो. संध्याकाळी तो सांगतो, आज तुम्ही एवढं जाळलंत, म्हणून आज एवढं जास्त खाऊ शकता.

मला हे फार पटलं. आपण बैलाचं दुसरं काय करतो? गेणभाऊ, आप्पांच्या वेळेपासून आपले बैल तयार करणारा, त्याला मी दाखवलं. तोही खूश झाला. "बराबर हाये की राव. पळालेल्या बैलाला खुराक न्हाई घातला तर म्होरल्या शर्यतीच्या बारीला घाटातच बसकण मारतंय ते. तू बी जेवढं जाळशील तेवढं घाल पोटात. बिनघोर घाल."

मग मी बिनघोर घातलं. सकाळी रानात फेऱ्या मारायच्या, मोबाईल बघायचा आणि वरची एक भाकरी हक्कानं मागायची. घामानं कमावलेली भाकरी आहे, तिला कोण नाही म्हणणार?

गेल्या आठवड्यात मोकळ्या रानात रोटर मारला. दिवसभर मी ट्रॅक्टरवर आणि मोबाईल खिशात. संध्याकाळी बघतो तर मोबाईलमध्ये फटाके उडतायत. अभिनंदन, आज तुम्ही तुमचे सगळे विक्रम मोडलेत. गचके बसले की तो त्याला पावलं समजतो. मी बसून होतो हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण मनात म्हटलं, ट्रॅक्टरवर अंग हादरतं ते काय फुकट हादरतं? भागूला मासवडी करायला लावली. रश्श्यावर बोटभर तर्री होती आणि मी भाकऱ्या मोजल्या नाहीत. भागू वाढता वाढता म्हणाली, "तुमी तर बसला व्हता, चाललं ते ट्रॅक्टर. मग ट्रॅक्टरला घाला की जेवाया." बायको झाली म्हणून काहीही बोलायचं का, असं मी तिला विचारलं आणि रस्सा मागितला.

काल पुण्याला वजन केलं. दीड किलो वाढलंय.

अक्षदाला मी ट्रॅक्टरचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली. मग हसू आवरलं. म्हणाली, "दादा, मोबाईल अंदाजानं सांगतो आणि बहुतेक वेळा चढवून सांगतो. दुसरं म्हणजे, तुम्ही शेतात राबता हे धरूनच मी तुमचं जेवण ठरवलंय. त्याच कामाचं तुम्ही मोबाईलकडून परत घेताय. एकाच कामाचं दोनदा खाताय तुम्ही."

हर्षाली हसली नाही. परतीच्या वाटेवर गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात पोटावर उजव्या बाजूला, बरगडीखाली होता. आपल्या आत ते नेमकं कुठं असतं, ते ती चाचपत असावी. मंचर येईपर्यंत माझ्यानं तिच्याकडं बघवलं नाही.

बाळासाहेब


अवसरी
१२ जानेवारी

मोहिनी,

आता बघ गंमत. ॲप काढून टाकलं. जाळायचं आणि त्यातलं कणभरही परत खायचं नाही, असं ठरवलंय. अक्षदानं बांधून दिलंय त्यातलंही थोडं कमीच खातो. बाई माणूस आहे, दया येऊन जास्त लिहिलं असेल. पहाटे बैलांना फेर द्यायला जातो तेव्हा त्यांच्याबरोबर पळतो. गेणभाऊ म्हणतो, बैल कोणता आणि तू कोणता ते लांबून कळत न्हाई. दुपारी कांदा काढायला बायांच्या ओळीत बसतो, गोण्या मी एकटा उचलतो. रात्री ताक पिऊन झोपतो.

वजन धाडधाड उतरतंय. विजारीला नाडी पुरत नव्हती, आता दोन वेढे बसतात. मला माझाच अभिमान वाटायला लागलाय, हे तुला आवडणार नाही, पण वाटतो.

भागू फोनवर दाजींना काहीतरी सांगत होती. मी पडलो वगैरे. पडलो नाही. कांद्याच्या वाफ्यात जरा बसलो. उठायला वेळ लागला एवढंच. तिथल्या बायांनी उगाच आरडाओरडा केला आणि कुणीतरी माझ्या नाकाला कांदा लावला. कांद्याच्या रानात कांद्याला काय तोटा.

दुसरं एक. गेल्या सोमवारी मी ओतूरला आलो होतो. कांदा मार्केटला आलो होतो असं मी घरी सांगितलं आणि खरोखर मार्केटला गेलोही. तिथून तुझ्या गल्लीत आलो. तू ओट्यावर उन्हात बसली होतीस, मांडीवर सुपात मटार होते. सोलता सोलता तुला झोप लागली होती. समोर एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडून मी बघत होतो. तुझ्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या. मग तू डोळे उघडलेस. मोहिनी, डोळे एवढे पिवळे होतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू माझ्या दिशेनं बघितलंस, पण तुला टेम्पोच दिसला असावा.

यायचं मनात आलं होतं. पाऊलही उचललं होतं. तेवढ्यात आलं मनात की दर वेळी मीच का पुढं यायचं? ती रक्षाबंधनाला तरी आली का नऊ वर्षांत? आणि मी फिरलो. एसटी स्टँडपर्यंत येईतो मला माझाच राग आला, मग तुझा आला, मग भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी आली. त्या दिवशी घरी येऊन मी काहीच खाल्लं नाही. एवढा जाळ झाला होता आत, म्हटलं जळू दे, चरबीच जळेल.

उद्या भोगी. भागू तीळ लावून बाजरीची भाकरी करणार आहे. मी वासावर भागवणार आहे.

बाळासाहेब


अवसरी
२३ जानेवारी

मोहिनी,

घोटाळा झाला.

वजन भरपूर उतरलंय. काट्यावर उभा राहिलो तेव्हा मी अक्षदाकडं असं बघितलं की जणू शर्यतीच्या घाटात पहिला नंबर काढलाय. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. लिव्हर पहिल्यापेक्षा बिघडलंय. सुजलंय. म्हणाले, "तुम्हाला चरबी उतरवायला सांगितली होती, उपासमार कुणी सांगितली होती?"

मग अक्षदानं मला समोर बसवून सांगितलं. ते तुला जसंच्या तसं सांगतो, कारण ते ऐकून मी सुन्न झालो. माणूस खूप राबला आणि त्याला खायला मिळालं नाही, की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. मग ते अंगभर साठवलेली चरबी मोकळी करतं आणि एकदम लिव्हरकडं लोटतं. लिव्हर बिचारं एकटं, त्याला एवढं पेलत नाही. आणि चरबीच्या जोडीला मांसही जातं. तिनं माझा दंड दाबून दाखवला. "हा गेला की नाही, दादा? पोट बघा, ते बऱ्यापैकी तसंच आहे."

म्हणजे आधी जाळलेलं सगळं परत खाल्लं म्हणून चुकलो, आणि मग काहीच परत खाल्लं नाही म्हणून चुकलो. मी वैतागून म्हटलं, मग खायचं तरी काय? ती म्हणाली, ज्या दिवशी अंगमेहनत जास्त, त्या दिवशी जास्तीचं जे काही जळेल त्याच्या निम्म्याच्या आसपास परत खा. एक भाकरी, वाटीभर डाळ, दोन अंडी. नुसत्या चालण्याच्या दिवशी काहीच परत नाही. "अर्धं परत द्या, अर्धं शरीराला त्याच्या साठ्यातून काढू द्या. त्याला भीती वाटू देऊ नका."

शरीराला भीती वाटते, हे मला माहीत नव्हतं. माझ्या आत कुणीतरी बसून दुष्काळाला घाबरत होतं आणि मी वर फुशारक्या मारत होतो.

उठताना मी सहज विचारलं, ही चरबी जाते तरी कुठं? घामातून? ती म्हणाली, थोडी पाण्यावाटे. बाकीची श्वासातून.

मी म्हटलं, काय?

श्वासातून, दादा. तुम्ही श्वास सोडता ना, त्या हवेतून ती बाहेर जाते.

मोहिनी, मी दुसऱ्या दिवशी पहाटे रानात उभा राहिलो. लई गारठा होता. श्वास सोडला की तोंडातून वाफ निघत होती. वाफ म्हणजे पाणी, खरी चरबी जाते ती हवा डोळ्याला दिसत नाही, हे तिनं सांगितलं होतं. तरी मी त्या वाफेकडं बघत राहिलो. लोकांच्या लग्नात हाणलेल्या जिलब्या, ओझरला दर चतुर्थीला खाल्लेले पेढे, तुझ्या लग्नात तुला वाटेला लावल्यावर मांडवात एकटा बसून संपवलेली बुंदी, सगळं माझ्या तोंडातून हळूहळू आभाळात चाललं होतं. समोर गव्हाचं रान होतं. आपण जी हवा सोडतो तीच गहू घेतो, हे शाळेत शिकलो होतो, पण तेव्हा मार्कांसाठी शिकलो होतो. हात जोडावेत असं वाटलं, कुणाला जोडावेत ते कळेना, मग गव्हालाच जोडले.

गेणभाऊ मागं उभा होता. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "आमी बैलं लई तयार केली, पन बैलाचं लिव्हर कुनी बघितलं व्हतं? त्या पोरीनं सांगितलंय तसंच कर."

आता मी खातोय. भीती न वाटता खायचं आणि जास्तही खायचं नाही, हे उपाशी राहण्यापेक्षा अवघड आहे. तीन आठवडे उरलेत. डॉक्टरांनी हर्षालीच्याही तपासण्या सुरू केल्यात, हे तुला माहीत असेलच. तिनं मला सांगितलं नाही, तिच्या हातावर सुईची पट्टी दिसली.

तूही खात जा. दाजी म्हणत होते तू ताट सरकवतेस.

बाळासाहेब


अवसरी
१४ फेब्रुवारी

मोहिनी,

तुला कालच कळलंय, तरी माझ्या हातानं लिहितो. लिव्हर साफ झालं. डॉक्टरांनी डिसेंबरचा फोटो आणि आताचा फोटो शेजारीशेजारी लावले. पहिल्यात ते पांढुरकं, दमल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्यात गडद. हे एकाच माणसाचं आहे असं सांगितलं तरी पटू नये. मी काही औषध घेतलं नव्हतं. नीट जेवलो, राबलो आणि श्वास सोडला, बस. एवढ्यावर ते स्वतःला धुऊन काढतं? मी डॉक्टरांना म्हटलं, याला सवड दिली की हे असं करतं, तर मग आपण त्याला आयुष्यभर सवडच का देत नाही? ते म्हणाले, हे मी स्वतःलाही विचारतो. त्यांचंही पोट बऱ्यापैकी आहे.

हर्षालीचं नाव त्यांनी खोडलं. माझ्यासमोर खोडलं. पोर परत येताना गाडीत तोंड उघडं टाकून घोरत होती. चाकणची ती सगळी हॉर्नांची बोंबाबोंब तिला ऐकू आली नाही.

आता त्या समितीच्या खोलीबद्दल. तू आणि मी एका टेबलाच्या एकाच बाजूला बसलो होतो, मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवून. समोर तीन साहेब, एक बाई आणि कॅमेरा. कुणी पैसे देऊन तर दान करवत नाही ना, हे त्यांना बघावं लागतं. मला विचारलं, तुम्ही का देताय? आदल्या दिवसापासून मी उत्तर घोकत होतो. कर्तव्य, माणुसकी, आईवडिलांचे संस्कार. तिथं त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून आलं, "ती माझी धाकटी आहे." साहेब म्हणाले, ते झालं, पण का? मी परत तेच म्हटलं. दुसरं कारण मला सापडलंच नाही, अजून सापडलेलं नाही.

मग त्यांनी तुला विचारलं, हे तुमचे कोण? तू माझ्याकडं बघितलं नाहीस. त्या साहेबांच्या समोर पाण्याचा पेला होता, त्याच्याकडं बघत म्हणालीस, "भाऊ." मग म्हणालीस, "सख्खा भाऊ हाये माझा."

कॅमेऱ्यात ते कायमचं राहिलंय. तुला आता नाही म्हणता यायचं नाही.

सोमवारी, तेवीसला आपलं ऑपरेशन. भीती वाटतेय का विचारशील, तर वाटतेय. मला कापण्याची फारशी वाटत नाही. माझा तो भाग तुझ्या अंगात गेल्यावर तुझं शरीर त्याला परकं तर म्हणणार नाही ना, याची वाटते. त्यासाठी गोळ्या असतात, असं डॉक्टर म्हणाले. जन्मभर घ्यायच्या. त्या वेळेवर घे. कंटाळा करू नकोस. तुझा कंटाळा मला माहीत आहे.

बाळासाहेब


पुणे, दवाखाना
१ मार्च

मोहिनी,

हे आडवं पडून लिहितोय, अक्षर समजून घे. टाके ओढतात. खोकला आला की छातीशी उशी दाबून धरावी लागते, आणि हसू तर मुळीच येऊ द्यायचं नाही. भागूला ताकीद दिलीय.

परवा त्यांनी माझ्या पोटावर सोनोग्राफी केली. त्याच्या चारच दिवस आधी अर्ध्याहून जास्त कापून नेलेलं आणि डॉक्टर म्हणतात, वाढायला लागलंय. मी विचारलं, वरच्या मजल्यावरचं? ते म्हणाले, तेही. दोन्ही. मोहिनी, मी रडलो. टाक्यांमुळे नीट रडताही येत नव्हतं. एकाच्याच अंगातली वस्तू, दोन मजल्यांवर, दोन माणसांत, कुणी न सांगता वाढतेय. कुणी कुणाला विचारलं नाही, कोण पुढं येणार म्हणून वाट बघितली नाही. मी देव मानणारा माणूस आहे, दर चतुर्थीला ओझरला जातो, पण असं अंगावर काटा येऊन मी कधी देवासमोरही उभा राहिलो नव्हतो.

अक्षदा येऊन गेली. म्हणाली, आता उतरवणं बंद, आता हे सगळं बांधकाम तुमच्या ताटातून होणार, पोटभर जेवा. आणि नेमकं आताच माझ्यानं घास गिळवत नाही. तीन महिने एका भाकरीसाठी जीव टाकला, आणि आता समोर ताट आलं की तोंड फिरवतो. भागू चमच्यानं भरवते आणि मी लहान पोरासारखा मान हलवतो.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल संध्याकाळी मला व्हरांड्यात चालवत होते, एका हाताला भागू, दुसऱ्या हातात सलाईनचा खांब. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि तुझी खुर्ची बाहेर आली. तोंडाला मास्क होता, तरी ओळखलं. तू आता बघणार नाहीस, पुढं जाशील, असं मला वाटलं. मी भिंतीला सरकलो, तुझ्या खुर्चीला वाट करून दिली.

तू खुर्ची ढकलणाऱ्या मावशींना थांबायला सांगितलंस. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलंस. दवाखान्याचा तो झबल्यासारखा अंगरखा, त्यातून बाहेर आलेले माझे हात, हे सगळं. आणि नऊ वर्षांनंतर तू माझ्याशी पहिलं बोललीस ते हे:

"किती वाळलायस रं दादा! वहिनी जेवाया घालती का न्हाई तुला?"

मी तोंड उघडलं. भागूनं माझा दंड घट्ट धरला. हसायचं नव्हतं, रडायचं नव्हतं, दोन्हींनी टाके ओढतात. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, बाई, फार वेळ नको, इन्फेक्शन होईल, आणि खुर्ची वळली. तू मान मागं करून बघत होतीस, उत्तराची वाट बघत.

ते उत्तर राहिलं होतं, म्हणून लिहितोय. भागूला बोल लावू नकोस. घालते गं. पोटभर घालते. आत्ताही समोर बसलीय, मी लिहिता लिहिता वरणभात खाल्ला, अंडं खाल्लं, नको नको म्हणत सगळं संपवलं.

तू जेवलीस का?

दादा